बी पेशीवर सीडी८ कुठून आलं? प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

६ जानेवारी

एथिक्स कमिटीचं पत्र आलं. वीस निरोगी माणसं, प्रत्येकी दोन मिली रक्त, जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब. संमतीपत्र तीनदा लिहून झालं. पहिल्या मसुद्यात 'लसिकापेशींचे प्रतिरक्षा-लक्षणप्ररूपण' असं काहीतरी होतं. ते वाचून आई म्हणाली, "हे वाचल्यावर कोण हात पुढे करेल गं?" आता साधं केलंय: तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर कोणती प्रथिनं आहेत ते आम्ही रंगीत अँटिबॉडी लावून बघणार, रोगाचं निदान करणार नाही.

काम जगाला नवं नाही. पण आमच्या मशीनवर (फ्लो सायटोमीटर: एकेक पेशी लेसरसमोरून सोडून तिचा उजेड रंगागणिक वेगळ्या खिडकीत मोजणारं यंत्र), आमच्या हातांनी, इथल्या माणसांच्या रक्तावर काढलेले आकडे आमच्याकडे नाहीत, आणि पुस्तकातल्या आकड्यांवर विसंबून पुढचा प्रकल्प उभा करायचा नाही, असं मॅडमनी ठरवलंय.

मशीनला दोन लेसर, एक निळा ४८८ नॅनोमीटरचा आणि एक लाल. सहा रंग वाचता येतात, आम्ही पाच घेतले. सीडी आणि पुढचा आकडा हे पेशीवरच्या प्रथिनाचं नाव; फिट्सी, पीई वगैरे हे अँटिबॉडीला जोडलेले रंग. सीडी३ (सगळ्या टी पेशी) फिट्सीवर, सीडी८ (मारेकरी टी पेशी) पीईवर, सीडी४५ (झाडून सगळ्या पांढऱ्या पेशी) परसीपीवर, सीडी१९ (बी पेशी) पीई-साय७ वर, सीडी४ (मदतनीस टी पेशी) एपीसीवर. वाटणी उगाच केलेली नाही. सीडी४५ लिम्फोसाइटवर (टी, बी पेशींचं कुळ) खच्चून भरलेलं असतं, त्याला परसीपीसारखा मंद रंग पुरतो. सीडी१९ त्या मानाने विरळ, म्हणून त्याला उजळ रंग दिला. उजळ रंग महागही असतो, हे बिल आल्यावर कळलं.

८ जानेवारी

वाचनाचा दिवस. १९७५ साली केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि कर्करोगाची न मरणारी पेशी एकत्र जोडली आणि एकाच साच्याच्या अँटिबॉडीचा न आटणारा झरा मिळवला. १९८४ ला नोबेल, सोबत येर्ने. पेटंट त्यांनी घेतलं नाही.

मग जो तो अँटिबॉडी बनवायला लागला आणि नावांचा गोंधळ उडाला. आज ज्याला आपण सीडी४ म्हणतो त्याला एका गटाने टी४ म्हटलं, दुसऱ्याने लियू-३. सीडी८ म्हणजे टी८, म्हणजेच लियू-२. १९८२ साली पॅरिसला सगळ्यांनी आपापल्या अँटिबॉडी टेबलावर मांडल्या, त्या वेगवेगळ्या पेशींवर लावून बघितल्या, आणि ज्या एकसारख्या वागल्या त्यांचा एक गठ्ठा करून त्याला नंबर दिला. म्हणजे सीडी नंबर हे मुळात अँटिबॉडींच्या गठ्ठ्यांचे नंबर. प्रथिनाला ते मागाहून चिकटले. पंचवटीतल्या तीर्थपुरोहितांच्या नामावळीची आठवण झाली. आडनाव बदललेलं असतं, गाव बदललेलं असतं, पण वही उघडली की सगळे एकाच घरातले निघतात.

ही गोष्ट मला आधी उलटी वाटत होती. मशीन 'सीडी८ आहे' असं सांगत नाही. 'पीईच्या खिडकीत उजेड आला' एवढंच सांगतं. बाकीचं आपण जोडतो.

१० जानेवारी

पहिलं रक्त माझंच. ताईंनी एका टोचण्यात काढलं.

१०० मायक्रोलिटर रक्त, त्यात अँटिबॉडी, वीस मिनिटं अंधारात. मग अमोनियम क्लोराइडचं लायसिंग द्रावण दोन मिली, दहा मिनिटं. लाल पेशीत ते शिरतं, मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगून फुटते. पांढऱ्या पेशीचं तेवढ्या वेळात फारसं बिघडत नाही. लाइस झालं की नाही हे ओळखायची लॅबची जुनी रीत म्हणजे ट्यूब छापील कागदासमोर धरायची. आधी गढूळ, टोमॅटोच्या साराइतकी. मग एका क्षणी तिच्यातून अक्षरं दिसायला लागतात आणि द्रावण काळ्या द्राक्षाच्या रसासारखं आरपार होतं.

आज अक्षरं दिसलीच नाहीत. बारा मिनिटं झाली, पंधरा झाली. ट्यूब फिरवली तर तळाशी लाल चकती. द्रावण मी थेट फ्रीजमधून काढून वापरलं होतं, आणि खोलीत सकाळी साडेआठला १६ अंश. जानेवारीतलं नाशिक. थंड द्रावणात लायसिस रेंगाळतो. दुपारी बाटली खोलीच्या तापमानाला येऊ दिली, पुन्हा केलं, नवव्या मिनिटाला अक्षरं वाचता आली. वहीत लाल पेनाने: बाटली तासभर आधी बाहेर काढणे.

१३ जानेवारी

टायट्रेशन. अँटिबॉडीच्या वायलवर (छोट्या बाटलीवर) लिहिलेलं असतं एका टेस्टला इतके मायक्रोलिटर. ते मुकाट्याने मान्य करायचं नाही, आपल्या रक्तावर तपासायचं. निम्म्या-निम्म्याने उतरत गेले: ५, २.५, १.२५, ०.६. प्रत्येक ट्यूबमध्ये ज्या पेशींवर प्रथिन आहे आणि ज्यांच्यावर नाही त्यांच्या उजेडातलं अंतर बघायचं, आणि ते अंतर 'नाही'वाल्यांच्या पसाऱ्याने भागायचं. जिथे हा आकडा सगळ्यात मोठा, ते प्रमाण बरोबर. जास्त घातलं की अँटिबॉडी नको तिथेही चिकटते, 'नाही'वाल्यांचा ढीग वर सरकतो, आणि पैसे घालून आपणच चित्र पुसट करतो. पोह्यांत मीठ जास्त झालं तर पोहे जास्त चविष्ट होत नाहीत, तसलाच प्रकार.

सीडी१९ ला १.२५ पुरलं. पण १.२५ मायक्रोलिटर पिपेटने दर वेळी तेवढंच उचललं जाईल याची खात्री नाही. म्हणून आख्खी वायल आठपट पातळ करून एका ट्यूबमध्ये भरून ठेवली. आता दर वेळी सरळ १० घ्यायचं. हुशारी केली असं वाटलं.

कॉम्पेन्सेशनही आजच लावून टाकलं. एका रंगाचा उजेड शेजारच्या रंगाच्या खिडकीत सांडतो, तो किती सांडतो हे एकेकट्या रंगाच्या ट्यूब चालवून मोजायचं आणि वजा करायचं. पीई-साय७ मधून पीईच्या खिडकीत सांडणारा उजेड जेमतेम दीड टक्का. सेटिंग सेव्ह केलं. रोज पाच जादा ट्यूब कशाला चालवा, म्हणून पुढेही हेच वापरायचं ठरवलं.

उद्या संक्रांत. ताईंनी आजच तिळगूळ दिला. ग्लोव्ह्ज काढून, बाहेर जाऊन खाल्ला.

१५ जानेवारी

आज पहिल्यांदा पाचही रंग एकत्र. सकाळी मण्यांनी मशीन तपासलं, मग माझंच रक्त.

स्क्रीनवर आडव्या अक्षावर सीडी४५, उभ्यावर बाजूला विखुरणारा प्रकाश. एकेक पेशी म्हणजे एकेक ठिपका. आधी पाच-पन्नास ठिपके कुठेही पडतात, काहीच कळत नाही. दहा हजारांपर्यंत जाता जाता तीन वस्त्या उभ्या राहतात. उजवीकडे खाली लिम्फोसाइटची घट्ट गोळी, सगळ्यात कमी विखुरणारी. तिच्या जरा वर मोनोसाइट, पांढऱ्या पेशींची आणखी एक जात, थोड्या सैल. आणि वर डावीकडे न्यूट्रोफिलचा भलामोठा ढग, पोटात दाणे असल्याने प्रकाश चहूकडे उधळणारा. हे चित्र पुस्तकात शंभरदा बघितलंय. स्वतःच्या रक्ताचं बघताना जरा वेगळं वाटलं, खोटं कशाला बोलू.

लिम्फोसाइटभोवती गेट लावलं, म्हणजे स्क्रीनवर कुंपण घालून फक्त आतले ठिपके मोजले. टी पेशी ७१ टक्के, त्यांत सीडी४ वाल्या सीडी८ वाल्यांच्या दीडपट. ठीक. सीडी४ आणि सीडी८ ची बेरीज सीडी३ च्या जवळपास आली पाहिजे, तीही आली. जो फरक राहतो त्यात दोन्ही नसलेल्या थोड्या टी पेशी असतात.

मग गेट काढून सगळ्या पेशींवर सीडी४ बघितलं. दोन टेकड्या अपेक्षित होत्या, असलेल्या आणि नसलेल्या. तीन दिसल्या. मधली टेकडी मंद, ना इकडे ना तिकडे. तिच्यावर गेट लावून मागे बघितलं तर त्या मोनोसाइट.

मोनोसाइटवर सीडी४? ते तर मदतनीस टी पेशीचं ओळखपत्र. माझं निदान तयार होतं: अँटिबॉडी नको तिथे चिकटली. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. मग दाखव चिकटलीय म्हणून."

१७ जानेवारी

दाखवायचं कसं, याचा विचार कालचा पूर्ण दिवस. अँटिबॉडीचा आकार बेचकीसारखा. बेचकीच्या दोन फाट्यांची टोकं प्रथिन ओळखतात, आणि खाली मूठ. मोनोसाइटवर ही मूठ पकडणारे हात असतात, एफसी रिसेप्टर. सीडी६४ हा त्यांतला सगळ्यात चिकट. त्यामुळे अँटिबॉडी टोकाने बसली की मुठीने धरली गेली, हे उजेडावरून कळत नाही. दोन्ही सारखेच चमकतात.

तीन ट्यूब केल्या. पहिलीत आधी भरपूर मानवी आयजीजी (माणसाच्या रक्तातली साधी अँटिबॉडी, रंग नसलेली) घातलं, म्हणजे मूठ पकडणारे हात आधीच भरून जातील, मग सीडी४. दुसरीत सीडी४ च्या जागी त्याच जातीची, त्याच रंगाची, पण माणसाच्या कशालाच न ओळखणारी उंदराची अँटिबॉडी. तिसरीत नेहमीसारखं, अधिक मोनोसाइटची खूण म्हणून सीडी१४.

दुसऱ्या ट्यूबमध्ये मोनोसाइट अंधारात. पहिलीत मधली टेकडी जिथल्या तिथे. तिसरीत ती टेकडी सीडी१४ वाली.

म्हणजे ते खरं होतं. मोनोसाइटवर सीडी४ असतंच, टी पेशीपेक्षा कमी. दुपारी वाचलं तर साधी, माहीत असलेली गोष्ट निघाली. एचआयव्ही ज्या दाराने मदतनीस टी पेशीत शिरतो ते सीडी४ मोनोसाइटवरही आहे, आणि हा विषाणू त्यांच्या कुळातल्या मॅक्रोफेजमध्येही शिरतो. एचआयव्हीमुळेच तर सीडी४ हा शब्द लॅबबाहेर गेला. एका मायक्रोलिटरला २०० च्या खाली आकडा गेला की धोक्याची घंटा. आपल्याकडे २०१७ पासून आकडा काही असो, औषध सगळ्यांना सुरू करतात. तरी रुग्ण अजून 'माझा सीडीफोर किती?' असंच विचारतात.

मॅडमना तिन्ही चित्रं दाखवली. "मग, चिकटली नव्हती तर," एवढंच म्हणाल्या आणि चहा मागवला.

२४ जानेवारी

दाते क्रमांक १ ते ४ झाले. टी पेशी ६४ ते ७६ टक्क्यांच्या दरम्यान, बी पेशी ९ ते १४. अपेक्षेप्रमाणे. लिहिण्यासारखं काही नाही.

२९ जानेवारी

दाता क्रमांक ५ आमचे गेटवरचे काका. संमतीपत्र पूर्ण वाचलं, मग विचारलं, "ताई, पेशीला रंग लावता म्हणजे ब्रशने?"

काका जुन्या नाशकातले. तिथे रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, भरतात, प्रत्येक चौकातल्या रहाडीचा रंग वेगळा. म्हणून म्हटलं, "काका, रंगपंचमीला रहाडीत उतरता ना?"

"म्हणजे काय! धप्पा मारल्याशिवाय आमची रंगपंचमी होत नाही."

"मग त्या दिवशी रस्त्यात पिवळाधमक माणूस दिसला तर?"

"तिवंध्याहून आला."

"आणि गुलाबी?"

"शनी चौक. ते काय विचारायचं."

"पेशीचं तसंच. कोणत्या रंगात भिजून आली त्यावरून ती कोण ते ओळखायचं. आता पिवळा आणि गुलाबी दोन्ही असलेला दिसला तर?"

मला वाटलं काका म्हणतील, दोन्ही रहाडींत जाऊन आला. म्हणालेही. पण मग जरा थांबून, बाही खाली करत म्हणाले, "नाहीतर एकातच गेला असेल आणि दुसऱ्याची गळाभेट घेतली असेल."

हे माझ्या डोक्यात नव्हतं. दोन पेशी एकमेकींना चिकटून लेसरसमोरून गेल्या की मशीन त्यांना एकच पेशी समजतं, आणि टी व बी दोघींच्या खुणा एकीवर दिसतात. डब्लेट म्हणतात त्याला. मी पहिल्या चार दात्यांत डब्लेट वगळायचं गेट लावलेलंच नव्हतं. संध्याकाळी बसून लावलं. सीडी३ आणि सीडी१९ दोन्ही असलेले जे थोडे ठिपके होते, त्यांतले बहुतेक गेले.

काकांनाच दाता क्रमांक सोडून काहीतरी मानधन द्यायला हवं.

३ फेब्रुवारी

दाता ६. सीडी३ नसलेल्या लिम्फोसाइटमध्ये सीडी८ चा मंद पट्टा दिसला. या वेळी घाई केली नाही, आधी वाचलं. एनके पेशींपैकी (टी आणि बी सोडून लिम्फोसाइटची तिसरी जात) बऱ्याच जणींवर सीडी८ मंद असतं. आमच्या पाच रंगांच्या पॅनलमध्ये एनकेची खूण नाही, त्यामुळे सिद्ध करता येणार नाही, पण या पेशी सीडी१९ च्या बाजूला अंधारातच आहेत, म्हणजे बी नक्की नाहीत. म्हणून सीडी८ टी पेशी मोजताना सीडी३ चं गेट आधी. नाहीतर एनके पण त्यांत मोजल्या जातात.

७ फेब्रुवारी

दाते ७ आणि ८. सव्वाअकराला लाइट गेली, जनरेटरही सुरू होईना. माणूस बोलावला. साडेबारापर्यंत वाट बघितली, मग फ्रीजमधल्या वायल बाहेर काढून बर्फाच्या डब्यात रोवल्या. अंधार होता म्हणून डबा खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला, बर्फ वितळतोय का ते दिसावं म्हणून. लाइट साडेतीनला आली. सगळं परत फ्रीजमध्ये. नुकसान काही नाही.

११ फेब्रुवारी

दाता ९. बी पेशींवर सीडी८.

दोनदा बघितलं. गेट तपासलं, डब्लेट वगळले, तरी सीडी१९ वाल्या पेशींचा ढीग सीडी८ च्या बाजूला सरकलेला. टी पेशींइतका उजळ नाही, पण एनके पेशींच्या बरोबरीने. आधीच्या आठ दात्यांत असं नव्हतं.

पंधरा जानेवारीला खऱ्या गोष्टीला खोटं ठरवायला निघाले होते, ते आठवलं. म्हणून आज लगेच 'कचरा' म्हटलं नाही. काही रक्ताच्या कर्करोगांत बी पेशींवर सीडी८ दिसू शकतं असं वाचनात आलं, आणि पोटात गोळा आला. दाता २४ वर्षांचा, फुटबॉल खेळणारा पोरगा. त्याला काही सांगायचं का? संमतीपत्रात तर आम्ही निदान करणार नाही असं लिहिलंय. रात्री झोप लागली नाही.

१३ फेब्रुवारी

दाते १० आणि ११. दोघांच्याही बी पेशींवर सीडी८.

एकाला असतं तर गोष्ट वेगळी. ओळीने तिघांना, आणि आधीच्या आठांत एकालाही नाही? मॅडमना सांगितलं. त्यांनी आकडे बघितलेच नाहीत, म्हणाल्या, सीडी१९ आणि सीडी८ चं एकमेकांसमोर चित्र लाव. लावलं. बी पेशींचा ढीग गोल नव्हता. तिरका होता, खालून डावीकडून वर उजवीकडे गेलेला. जी पेशी सीडी१९ ला जास्त उजळ, तीच सीडी८ लाही जास्त उजळ, अगदी मापाने.

"दोन वेगळी प्रथिनं इतकी हातात हात घालून वाढतील का गं?"

"नाही."

"मग? सीडी८ ची अँटिबॉडी घालूच नकोस उद्या."

१४ फेब्रुवारी

दाता ११ चं उरलेलं रक्त, एक दिवसाचं. ट्यूबमध्ये फक्त सीडी४५ आणि सीडी१९. सीडी८ ची वायल फ्रीजमधून काढलीसुद्धा नाही, चुकून हात जाऊ नये म्हणून.

मशीनवर लावलं, पीईची खिडकी उघडली. बी पेशी 'सीडी८ पॉझिटिव्ह'.

सीडी८ ओळखणारं ट्यूबमध्ये काहीच नाही, तरी. मी बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसले. हसूही आलं.

मग पाचही रंगांच्या एकेकट्या ट्यूब चालवल्या, जानेवारीत चालवल्या तशाच. चार रंग जसेच्या तसे. पीई-साय७ मधून पीईच्या खिडकीत तेव्हा दीड टक्का सांडत होतं, आज अकरा.

कारण पीई-साय७ हा एक रंग नाहीच, दोन रंगांची जोडी आहे. पीई हे समुद्रातल्या लाल शेवाळातून काढलेलं मोठं प्रथिन. ते निळ्या लेसरचा उजेड पितं आणि स्वतः न चमकता ऊर्जा शेजारी बांधलेल्या साय७ ला देतं, आणि साय७ पार लालच्या पलीकडे, ७८० नॅनोमीटरच्या आसपास चमकतं. जोडी शाबूत तोवर ठीक. उजेड किंवा ऊब लागली की साय७ निकामी होतं. मग पीईने ऊर्जा द्यायची कोणाला? ते स्वतःच चमकतं, ५७८ च्या जवळ, म्हणजे बरोबर त्या खिडकीत जिथे आम्ही सीडी८ बघतो. अँटिबॉडीने काही चूक केली नव्हती. ती सीडी१९ वरच, टोकाने, नीट बसली होती. तिच्या अंगावरचा रंग फुटला होता.

"रंग कच्चा झालाय," मॅडम म्हणाल्या. "उन्हात कुठे राहिली होती का ही?"

मी नाही म्हणाले. मग वही मागे चाळली. ७ फेब्रुवारी. खिडकीजवळचं टेबल. बाकीच्या चारही वायल तपकिरी, सीडी१९ मात्र मी तेरा जानेवारीला मोठ्या हुशारीने पारदर्शक ट्यूबमध्ये काढून, वर पातळ करून ठेवलेली. दक्षिणेची खिडकी, दुपारी साडेबारा ते साडेतीन. आणि फ्रीजचं दार उघडलंच नसतं तर तेवढा वेळ तो आपोआप थंड राहिला असता.

वहीत तिथे 'नुकसान काही नाही' असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. खोडलं नाही. बाजूला आजची तारीख घालून सही केली.

१५ फेब्रुवारी

हिशेब. टी पेशींचे आकडे सीडी३ च्या गेटमधून काढलेत. बी पेशी त्यात येतच नाहीत, त्यामुळे दाते ९, १०, ११ चे सीडी४ आणि सीडी८ चे आकडे बिघडलेले नाहीत. बी पेशींची टक्केवारीही जवळपास तीच राहते. म्हणून माझं म्हणणं, आकडे ठेवावेत, खाली टीप द्यावी. मॅडम म्हणाल्या, वीसही दाते एकाच स्थितीतल्या अँटिबॉडीने झाले पाहिजेत, तिघांचं रक्त पुन्हा घ्या. मला ते अजूनही जरा जास्त वाटतं. पण ज्या माणसाची आख्खी वायल उन्हात गेली त्याने टीपांबद्दल वाद घालू नये.

फुटबॉलवाल्या पोराला फोन करून पुन्हा येशील का विचारलं. "काही निघालं का?" आवाजात काळजी. "तुझ्यात नाही, आमच्यात निघालं," म्हटलं. कमिटीला दुरुस्तीचं पत्रही लिहावं लागणार.

नवीन वायलची ऑर्डर टाकली. किंमत इथे लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी

वाट बघणं सुरू. मधल्या काळात झालेले बदल: वायल आता जशी येईल तशीच, पातळ करायची ती रोजच्या रोज आणि लागेल तेवढीच. फ्रीजमधल्या रॅकला काळा कागद. स्टेनिंगच्या टेबलावरची ट्यूबलाइट काढली. पाच एकेकट्या ट्यूब दर दिवशी, कुरकुर न करता. लाइट गेली तर फ्रीजला हात लावायचा नाही, तशी चिठ्ठी दारावर. खाली ताईंनी पेनाने लिहिलंय: 'विशेषतः तू.'

दाता १२ दिंडोरीचा, घरची बाग. रक्त द्यायला आला तर द्राक्षांची पेटी घेऊन. रक्त घेतलं नाही, नवीन अँटिबॉडीशिवाय उपयोग नाही. द्राक्षं घेतली.

१२ मार्च

वायल आली. मुंबईहून, थर्मोकोलच्या पेटीत, जेलपॅक अजून गार. गोठलेला एकही वायलला चिकटलेला नाही हे आधी बघितलं, कारण पीई गोठलं की संपलं.

जुनी आणि नवी शेजारी शेजारी, माझ्याच रक्तावर. नवी: पीईत सांडणं १.४ टक्के. जुनी, महिनाभर अंधारात राहूनही: बारा. नव्याने रंगवलेल्या बी पेशींचा ढीग गोल, जागच्या जागी, सीडी८ च्या बाजूला पूर्ण अंधार. जुनी टाकून देणार होते, मॅडमनी ठेवायला सांगितली. पुढच्या बॅचच्या मुलांना नाव न सांगता द्यायची आणि 'काय दिसतंय?' विचारायचं.

१७ मार्च

दाते ९ आणि ११ पुन्हा झाले. बी पेशींवर सीडी८ नाही. पोराला कळवलं. दाता १० नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याची जागा रिकामी. यादीतून नवीन माणूस घ्यावा लागेल.

२० मार्च

काल रंगपंचमी. आज दाते १२ आणि १३ ठरलेले. दिंडोरीचा आला. दुसरा जुन्या नाशकातला, दंड कोपरापर्यंत पिवळा. ताईंनी स्पिरिटचे चार बोळे वापरले, शीर दिसेल एवढीच गोरी जागा झाली. रक्त नेहमीसारखं लाल. ट्यूबवर मात्र पिवळ्या अंगठ्याचा ठसा उमटला. लेबल लावायच्या आधी तो पुसून काढला.

काका गेटवर होते, कान अजून गुलाबी. म्हटलं, "काका, पिवळे ना तुम्ही? मग शनी चौकात कधी गेलात?"

"कुठला शनी चौक," काका म्हणाले, "मेहुणा आला होता."